ग्रूप होममध्ये भावाला ठेवण्याआधी काय तपासावं?

कुर्टीकार
धाकटा भाऊ ३४ वर्षांचा. बौद्धिक अपंगत्व ७५ टक्के, शिवाय फिट्स. व्हॅल्प्रोएट, म्हणजे फिट्सची गोळी, दिवसातून दोनदा. बोलतो ते चार-पाच शब्द. गोव्यात बार्देशातलं एक ग्रूप होम, म्हणजे अशा माणसांनी मदतनिसांसोबत एकत्र राहायचं घर, पाहिलं: सहा जण, दोन मदतनीस, नीटनेटका बंगला, पुढं बाग. आईचे तीन प्रश्न आहेत. रात्री फिट आली तर कोण धावणार? त्याला कोणी मारलं तर आम्हाला कळणार कसं? आणि आमच्या मागं पैसे कुठून येणार? नातेवाईक म्हणतात, घर सगळं त्याच्याच नावे करून टाका. आई-बाबा दोघंही आहेत, आम्ही भावंडं तिघं.

रात्रपाळी
बाग राहू दे, ड्यूटीचं पत्रक मागा. एका वेळी एकच माणूस हजर ठेवायचा म्हटलं तरी तीन पाळ्यांनी आठवड्याला २१ पाळ्या होतात. एकजण सुट्टी धरून सहा पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसं लागतात, तीही कोणी आजारी पडलं नाही तर. एकूण दोघंच असतील तर रात्रीचा माणूस दिवसभर राबून झोपलेला असणार. म्हणून सरळ विचारा: रात्रीचा माणूस जागा असतो की झोपलेला? आणि भावाच्या खोलीपासून किती पावलांवर?

फिट ५ मिनिटांपुढं गेली की फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे आणि १०८. स्प्रे किती आणि कधी मारायचा हे डॉक्टरांनी सहीनिशी लिहून दिलेलं हवं. कागद नसेल तर मदतनीस हात लावणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. तोवर कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या वस्तू दूर करायच्या, घड्याळ बघायचं. दातांत चमचा घालायचा नाही. कांदा, चप्पल हुंगवणं तर नाहीच. तिथल्या रात्रीच्या माणसाला तोंडी विचारून बघा. मालक काय सांगतो त्याला फारसा अर्थ नाही.

गोळ्यांच्या चार्टवर सही गोळी गिळल्यावर व्हायला हवी. सकाळी दहालाच त्या दिवशीच्या रात्रीच्या डोसची सही झालेली दिसली तर समजून जा. गोळ्या मोजाही: ६० आणून दिल्या, ११ दिवस झाले, तर ३८ उरायला हव्यात. ४२ उरल्या असतील तर चार डोस चुकलेत. व्हॅल्प्रोएट अचानक तुटली तर एकामागून एक फिट्स येऊ शकतात. पावसाळ्यात निदान आठवड्याचा जादा साठा तिथं असू द्या.

नुसतं शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) रोज मिळतं का एवढंच विचारू नका. बांगड्याचे काटे कोण काढून देतो, जेवताना शेजारी कोण बसतो, हे विचारा. गपागप गिळणाऱ्याला ठसका लागतो. आणि शौचाची नोंद. चेष्टा नाही, बोलता न येणाऱ्या माणसाचं बद्धकोष्ठ पोट फुगेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवंती_२
मारल्याचं कळणार कसं, याबद्दल. आत जाण्याआधी त्याचं वजन आणि अंगावरचे जुने व्रण लिहून, फोटो काढून ठेवा. पुढं महिन्याला वजन, आणि भेटीला गेलात की अधूनमधून अंघोळ तुम्हीच घाला. एकाच मदतनिसाच्या पाळीला अंग चोरणं, अंघोळीला नकार, अंथरूण पुन्हा ओलं होणं, या खुणा वेळेसकट टिपा. न कळवता जा, तेही संध्याकाळी साडेसातला किंवा रविवारी दुपारी, कारण माणसं कमी असतात ती तेव्हाच. पूर्वसूचनेशिवाय भेट घेता येईल ही अट करारात हवी. ती मान्य नसेल तर तिथंच उठा.

एकदम सोडून येऊ नका. आधी दोन तास, मग रात्रीचं जेवण, मग एक मुक्काम, मग शनिवार-रविवार, मग आठवडा. यात दोन-तीन महिने जातात. सुरुवातीला झोप उडते, चिडचिड होते. पण नवी जागा म्हणून अंगावर जखम होत नसते.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं अशा संस्थेला नोंदणी लागते. प्रमाणपत्र मागून त्यावरची मुदत वाचा. छळाचा संशय असेल तर त्याच कायद्याच्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडं मामलेदाराकडं, लेखी कळवता येतं. कोणीही कळवू शकतो, नातं लागत नाही.

इन्व्हेंटरीवाला
नातेवाईकांचा सल्ला गोव्यात लागू पडत नाही. इथं वेगळा विवाहकरार नसेल तर मिळकत नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. आणि मुलं असली की आपल्या निम्म्यातल्याही निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं. उरलेला भाग मुलांचा, समान. समजा घर ८० लाखांचं. ४० आईचे. बाबांच्या ४० पैकी २० त्यांच्या मर्जीचे, बाकी २० तिघांत, प्रत्येकी साधारण ६ लाख ६७ हजार. म्हणजे बाबांकडून भावाला जास्तीत जास्त २६ लाख ६७ हजार. आईचं तसंच वेगळं. बक्षीसपत्रानं वळसा घालू म्हणाल तर हद्दीबाहेरचं दान पुढं इन्व्हेंटरीत, म्हणजे मृत्यूनंतर मिळकत वाटायच्या कोर्टातल्या कामकाजात, कमी करून घेता येतं. मृत्युपत्र सबरजिस्ट्रार-नोटरीपुढंच करा.

तो मर्जीचा भाग थेट भावाच्या नावे न करता त्याच्यासाठीच्या खाजगी ट्रस्टला द्यावा हे माझं मत. घर-जमिनीनं ग्रूप होमची महिन्याची फी भरत नाही.

दुसरं, पालकत्व. १८ नंतर आई-बाबासुद्धा कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडं अर्ज करावा लागतो. नेमणूक झाल्यापासून ६ महिन्यांत त्याच्या मिळकतीची यादी द्यायची, पुढं दरवर्षी हिशेब. हा दाखला बँकेत चालतो. निरामय हा आरोग्य विमाही याच न्यासाचा: वर्षाला १ लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

म्हापसा_तिठो
एक भर, दुसऱ्या वाचकांसाठी. स्थानिक समितीचा रस्ता ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व एवढ्यांनाच. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा लागतो आणि तिथं नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात रुग्णाला मदत करणारा माणूस, असतो. दोन्हींची गल्लत करून लोक भलत्याच खिडकीवर उभे राहतात.

कुर्टीकार
देव बरें करूं. पत्रक मागितलं: एकूण तिघं, रात्री एकजण, झोपलेला. करारात आणखी काय घालून घेऊ?

रात्रपाळी
फिट्सवाल्यासाठी झोपलेला नको. जागा माणूस ठेवणार आणि पगारावर चौथा घेणार, हे लिहून द्या म्हणावं. दुसरी अट इस्पितळाची. भाऊ गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) दाखल झाला तर रात्री पलंगाशेजारी कोण बसणार, त्याचे पैसे फीत धरलेत का, आणि तो माणूस इस्पितळात गेला की घरातल्या बाकी पाच जणांजवळ कोण? बहुतेक करारांत हे रकानेच नसतात. डायपर, औषधं, रिक्षा फीत की वेगळी, तेही. नोटीस दोन्हीकडून सारखीच ठेवा, कमीत कमी ६० दिवस, नाहीतर आठ दिवसांत जागा शोधायची पाळी येते.