मदत हवी आहे: रत्नागिरी ते अलिबाग एका दिवसात, खाड्या ओलांडून की सरळ हायवेने?

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी रत्नागिरीहून अलिबागला जायचंय. गाडी मीच चालवणार, सोबत आई-बाबा, बाबांचं वय ७६. रविवारी सकाळी ताईकडे भाचीचा साखरपुडा आहे म्हणजे शनिवारी रात्री जेवायच्या वेळेपर्यंत पोचायलाच हवं, आणि शुक्रवारी मला सुट्टी नाहीये त्यामुळे मध्ये कुठे मुक्काम करून दोन दिवसांत जायचा प्रश्नच येत नाही.

माझा प्लॅन साधा होता, सकाळी सातला निघायचं, हातखंब्याला मुंबई-गोवा हायवेला लागायचं, चिपळूण, खेड, महाड, माणगाव, वडखळ करत चार-पाचपर्यंत अलिबाग. गेल्या वेळी तसंच गेलो होतो. पण परवा जेवताना बाबा एकदम म्हणाले की हायवेने नको, किनाऱ्याने जाऊया, खाड्या फेरीबोटीने ओलांडत. म्हणजे जयगडला एक, दाभोळला दुसरी, बाणकोटच्या खाडीवर वेश्वी-बागमांडला तिसरी आणि दिघी-आगरदांडा चौथी. रेवदंड्याला पूल आहे म्हणून, नाहीतर पाचवी झाली असती.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. बरीच वर्षं गुहागर डेपोला, नंतर रत्नागिरी. रिटायर झाल्यापासून कधी कुठे जाऊया असं स्वतःहून म्हणालेले मला आठवत नाही, आम्ही नेऊ तिकडे येतात आणि मागच्या सीटवर गप्प बसतात. त्यामुळे ते असं म्हणाले तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही, जमत असेल तर मला हे करायचंच आहे. पण गुगल मॅपवर बघितलं तर चारही फेऱ्या धरून तो जो वेळ दाखवतोय त्यावर माझा विश्वास बसत नाहीये, जेट्टीवर थांबायला लागणारा वेळ त्यात कुठे दिसत नाही.

अडचणी अशा की बाबांना सकाळी लघवीची गोळी असते, तासा-दीड तासाने थांबावं लागतं आणि गुडघ्यामुळे फार चालवत नाही. आईला वळणांवर गाडी लागते. गाडी वॅगनआर, आणि मी ती फेरीबोटीवर कधी चढवलेली नाही. ओहोटीला उतार खूप तीव्र होतो आणि गाडी खालून घासते असं ऑफिसमधला एकजण म्हणाला तेव्हापासून धास्ती बसलीय. बाबांनी तिथी विचारली, मी सांगितलं अष्टमी, तर म्हणाले "अगो, अष्टमीस सहाची भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी." म्हणजे नेमकी मधल्या खाडीवर असताना ओहोटी, असंच ना? हा हिशोब बरोबर आहे का आणि असला तर काय करू?

ज्यांनी हा रस्ता एका दिवसात केलाय त्यांनी खरे वेळ सांगा प्लीज. बाईकवाल्यांचे नकोत, म्हातारी माणसं घेऊन गेलेल्यांचे हवेत.

प्रतिसाद १

हायवेने जा. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्य आहे, उगाच रिस्क घेऊ नका. किनाऱ्याने परत येताना या, तेव्हा घाई नसेल.

प्रतिसाद २

मी हा पूर्ण रस्ता दोनदा केलाय, एकदा अलिबागहून खाली आणि एकदा रत्नागिरीहून वर, दुसऱ्या वेळी सासूबाई सोबत होत्या. खरं सांगते, चार खाड्या एका दिवसात होतात पण बघणं काही होत नाही आणि शेवटचे पन्नास किमी मुरूड ते अलिबाग अंधारात, त्यात शनिवार म्हणजे काशीदला मुंबई-पुण्याची गर्दी. आम्ही पहाटे साडेपाचला निघून रात्री साडेआठला पोचलो होतो. पंधरा तास. सासूबाई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठल्या नाहीत.

वेळ जातो तो फेरीबोटीत बसून नाही, दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे जाता. वेळ जातो तो डोळ्यासमोर फेरी सुटली की. मग पुढची येईपर्यंत बसा. चार ठिकाणी असं झालं की तिथेच दोन-तीन तास गेले. आणि रस्ता एकेरी, गावांतून, नारळी-पोफळीच्या कुंपणांमधून, समोरून एसटी आली की एकाला मागे जावं लागतं. तीसच्या वर सरासरी धरू नका. केळशी ते वेश्वी तर त्याहून कमीच पडते.

पण नाही म्हणू नका त्यांना. मी एवढंच सुचवेन की बाबांना नीट विचारा, त्यांना नक्की कुठली खाडी ओलांडायची आहे. चारही की त्यातली एखादी? ज्या माणसाने आयुष्यभर तिथे गाडी चालवली त्याच्या मनात नुसता किनारा नसणार, एखादी ठरावीक जागा असणार.

प्रतिसाद ३

मी दाभोळचा. ओहोटीचं सांगतो कारण त्यावरून लोक फार घाबरतात.

तुमच्या बाबांचा हिशोब अगदी बरोबर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, मग साधारण सहा तासांनी ओहोटी आणि संध्याकाळी परत साडेसहाच्या आसपास भरती. पौर्णिमेनंतर मोजणी परत प्रतिपदेपासून. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं कॅलेंडर बघूनच होडी काढायची वेळ ठरवतात. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढं धरून चाला.

पण घाबरायचं का, तर नाही, कारण अष्टमी म्हणजे भांग. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला तेवढंच लांब आत जातं, तेव्हा उतार तीव्र होतो आणि खालून बसकी गाडी घासू शकते. अष्टमीच्या भांगाला पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. वॅगनआर बऱ्यापैकी उंच आहे. पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धा न धरता हळूहळू घ्या, लाटेने फळी हलत असेल तर खलाशी थांबवतो, तो हात दाखवेल तसं करा, उलट-सुलट कशी घ्यायची तेही तोच सांगतो. गाडी चढवली की हँडब्रेक लावा आणि गिअरमध्ये ठेवा. बाबा गाडीतच बसून राहिले तरी चालतं, पण ते बसणार नाहीत याची मला खात्री आहे 🙂

शनिवारी पर्यटक असतात पण ते अकरानंतर. त्याआधी धोपाव्याला, म्हणजे दाभोळच्या अलीकडच्या जेट्टीवर, पोचलात तर रांग लागणार नाही. एक करा, प्रत्येक फेरीबोटीच्या ऑफिसात आदल्या दिवशी फोन करून वेळा विचारून घ्या, नेटवर जे टाईमटेबल फिरत असतं ते जुनं असतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री हा धागा बाबांना वाचून दाखवला. भांगाचं वाचल्यावर म्हणाले "माणूस दर्यावरचा आहे."

मग प्रतिसाद २ मधलं विचारलं, की बाबा नक्की कुठली खाडी. बराच वेळ बोलले नाहीत, मला वाटलं झोपले. मग म्हणाले दाभोळ. त्यांची धोपाव्याची वस्तीची गाडी असायची, संध्याकाळी गुहागरहून निघायची, धोपाव्याला मुक्काम आणि पहाटे परत. रात्री बसजवळ उभं राहिलं की खाडीपलीकडे दाभोळचे दिवे दिसायचे, माणसांच्या हाका ऐकू यायच्या इतकं जवळ. पॅसेंजर उतरून होडीने पलीकडे जायचे आणि ह्यांची गाडी तिथेच फिरायची. रस्त्याने पलीकडे जायचं तर चिपळूण, खेड, दापोली करून शंभराच्या वर किलोमीटर. गाड्या नेणारी फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली तोवर बाबा रत्नागिरी डेपोला आले होते. म्हणाले, "रस्ता तिथे संपायचा गो. पुढे एकदा चाक न्यायचं होतं."

मला हे माहीतच नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून.

तर आता चारचा हट्ट नाही. जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ एवढ्या दोन खाड्या करायच्या, पुढे दापोलीला जेवून खेडला हायवेला उतरायचं. असं केलं तर किती वाजतील? पहाटे साडेपाचला निघून आरे-वारेवरून गणपतीपुळे मार्गे जयगडला सातपर्यंत (आरे-वारे अंधारातच जाणार याचं वाईट वाटतंय पण ते आम्हाला कधीही बघता येतं), तवसाळ, हेदवी, वेळणेश्वरचा फाटा सोडून गुहागरला नऊ, दहा-साडेदहाला धोपावे, बारापर्यंत दापोली. इथपर्यंत बाबा म्हणतात जमेल. खेडच्या पुढचं ते बोलत नाहीत, म्हणतात माझ्या वेळचा तो रस्ता राहिला नाही.

प्रतिसाद ४

खेड ते अलिबाग मी महिन्यातून दोनदा करतो, सांगतो. खेडहून वर आता कशेडीचा बोगदा आहे, साधारण दोन किमीचा, घाटाची वळणं टळतात, तुमच्या आईसाठी हे सगळ्यात चांगलं. पोलादपूर, महाडपर्यंत गाडी मस्त पळते. सावित्रीवरचा पूल २०१६ च्या ऑगस्टमध्ये वाहून गेला होता तो नवीन होऊन आता बरीच वर्षं झाली, तिथे काही अडचण नाही. अडकायला होतं ते माणगाव आणि इंदापूरला. हायवे गावातूनच जातो, बाजार, एसटी स्टँड, रिक्षा सगळं रस्त्यावर. शनिवारी मुंबईकडून खाली येणारी गर्दी असते, तुम्ही उलट दिशेने वर जाताय तरी रस्ता तोच असल्याने तुम्हीही अडकता. अर्धा ते पाऊण तास जादा ठेवा.

दापोली एकला सोडलीत तर दोनच्या आसपास खेड, चार-साडेचारला माणगाव, आणि सातच्या आत अलिबाग. वडखळच्या बाजूला ट्रॅफिक लाल दिसत असेल तर कोलाडला डावीकडे रोह्याला वळून अलिबाग-रोहा रस्त्याने जाता येतं, पण तो रस्ता अरुंद आहे आणि अंधार पडल्यावर मी तुम्हाला सांगणार नाही. उजेड असेल तरच.

एक मुदत मनात पक्की धरा. साडेअकरापर्यंत दाभोळला उतरला नाहीत तर दापोलीत जेवायला थांबू नका, डबा गाडीत खा आणि सरळ खेड गाठा. आणि धोपाव्याला फेरी काही कारणाने बंद असली तर तिथे वाट बघत बसू नका, परत मागे येऊन गुहागर-चिपळूण रस्ता पकडा, हायवेला लागाल. वाऱ्यामुळे कधीतरी बंद ठेवतात.

प्रतिसाद २ (परत)

वाचून बरं वाटलं. दोन व्यावहारिक गोष्टी. लघवीच्या गोळीची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने बदलू नका, आमच्या सासूबाईंना डॉक्टरांनी पोचल्यावर घ्यायला सांगितली होती. आणि थांबायला हॉटेलपेक्षा देवळं बरी पडतात, हेदवीच्या दशभुजा गणपतीला गाडी वरपर्यंत जाते. आईंना पुढच्या सीटवर बसवा, निघताना पोटभर खाऊ नका, आलेपाक जवळ ठेवा.

धागाकर्ती

डॉक्टरांशी बोलले, एका दिवसापुरती गोळी संध्याकाळी चालेल म्हणाले. आईने मात्र पुढची सीट घ्यायला साफ नकार दिला, म्हणाली पुढे ह्यांना बसू दे, मला आलेपाक पुरे. दापोलीतलं जेवण रद्द केलंय, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आई घेणार आहे, म्हणजे वेळेचा प्रश्नच नको.

जयगडला फोन लागला, सकाळच्या फेरीची वेळ मिळाली. धोपाव्याचा नंबर काल संध्याकाळपासून लागत नाहीये. दाभोळचे सभासद, तुम्ही जेट्टीवर गेलात तर एवढंच बघून सांगाल का, शनिवारी दहा ते अकराच्या मध्ये धोपाव्याहून नेमक्या किती वाजता फेऱ्या आहेत? आणि अजून एक. पलीकडे दाभोळला उतरल्यावर जेट्टीजवळ पाच-दहा मिनिटं गाडी बाजूला लावता येईल अशी जागा आहे का, जिथून धोपाव्याचा किनारा समोर दिसेल? बाबांना तिथून धोपाव्याकडे बघायचंय.