सिव्हिलनंतर ट्रान्सपोर्टेशनमध्ये संशोधन: कोणी आहे का या लाइनीत?

कराडचा_सिव्हिलवाला:
कराडच्या शासकीय कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. वर्गात सगळे स्ट्रक्चर नाहीतर एमपीएससी म्हणतात. मला ट्रान्सपोर्टेशन आवडतंय. वडील विचारतात, गाड्या मोजायला पीएचडी कशाला? या लाइनीत कुणी असेल तर तुमचं शिक्षण, नोकरी कसं कसं झालं ते सांगा.

विश्रामबागची_ताई:
मी आहे. बी.ई. सांगलीच्या वालचंदमधून. मग एका रस्ते कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर. भर उन्हात थर्मामीटर घेऊन डंपरमधल्या डांबरी मालाचं तापमान बघायचं. तिथं कळलं की रस्त्याची जाडी कुणीतरी रहदारीच्या आकड्यावरून आधीच ठरवलेली असते. तो आकडा येतो कुठून, हे शोधावंसं वाटलं. गेट (एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा) दिली, आयआयटी मुंबईत एम.टेक., थोडी कन्सल्टन्सी, मग पीएचडी. विषय मिश्र वाहतूक.

वडिलांना आयआरसी ६४ दाखव, इंडियन रोड्स काँग्रेसची १९९० सालची मार्गदर्शक पुस्तिका. ग्रामीण रस्त्याची क्षमता काढताना कुठली गाडी किती कारइतकी धरायची ते त्यात आहे: कार १ धरली तर मोटारसायकल ०.५, ट्रक-बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ आणि बैलगाडी चक्क ८! आता हंगामात कारखान्याच्या रस्त्याला उभा राहा. डबल ट्रॉली, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला, मागचा रिफ्लेक्टर झाकलेला, चढाला माणसाच्या चालीनं. ती ४.५ मध्ये बसते का? मागं अडकलेल्या एसटीला ओव्हरटेकला जागा कधी मिळते? माझं काम हे. परदेशी मॉडेलं लेन पाळणाऱ्या गाड्यांची, आपल्या दुचाक्या फटीतनं पुढं. म्हणून तर सीआरआरआयनं (केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं) २०१७ मध्ये आपल्या रस्त्यांसाठी इंडो-एचसीएम हे रस्त्यांची क्षमता काढायचं मॅन्युअल काढलं.

मोजणी आता बरीचशी व्हिडिओवरून होते. तरी आमचं सॉफ्टवेअर उसाच्या ट्रॉलीला ट्रक म्हणतं, मग माणूस बसवावा लागतोच.

अजिंक्यताऱ्याखाली:
फॉर्म भर बाबा एमपीएससीचा. स्टायपेंडवर घर चालतं होय?

विश्रामबागची_ताई:
दादा, प्रश्न रास्त आहे. एम.टेक.ला गेटवाल्यांना महिना १२,४००. आयआयटीत पीएचडीला पहिली दोन वर्षं ३७,०००, पुढे ४२,०००. घराचा भार असेल तर आधी नोकरी कर, गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. मला तर पीएचडीच्या मुलाखतीत साइटवरच्या कामाबद्दलच जास्त विचारलं.

तोवर स्टॅटिस्टिक्स पक्कं कर, पायथन शीक. सुमो नावाचं सिम्युलेशन सॉफ्टवेअर फुकट आहे, जर्मनीच्या डीएलआर या अंतराळ संशोधन संस्थेचं. कोल्हापूर नाका त्यात उभा करून बघ, नुसत्या मार्कांपेक्षा ते दाखवता येतं.

कराडचा_सिव्हिलवाला:
ताई, सुमो टाकून घेतलं. नाक्यावर मोजणीला पोलिसांची परवानगी लागते का?

विश्रामबागची_ताई:
कडेला उभं राहून क्लिकरनं मोजताना मला कुणी अडवलं नाही. खांबावर कॅमेरा लावायचा असेल तर कॉलेजचं पत्र घेऊन वाहतूक शाखेत जा. आणि बाजाराचा दिवस वेगळा मोज.