लाटव्हिया: रशियन शाळा बदलल्या ते बरोबर, पण सत्तरीच्या आजींची भाषा-परीक्षा कशासाठी?

ऋजुता_रिगा

ऑफिसात डबा खाताना हा विषय निघाला की आवाज चढतातच, म्हणून एकदा मराठीत नीट लिहायचं होतं. रशियाच्या शेजारच्या ह्या लाटव्हियाची लोकसंख्या १९ लाखांच्याही आत, म्हणजे आपल्या नागपूर शहरापेक्षा कमी, आणि त्यातले साधारण एक तृतीयांश लोक घरी रशियन बोलतात. सोव्हिएत काळापासून इथे शाळाच दोन प्रकारच्या, लाटव्हियन आणि रशियन. २०२२ मध्ये कायदा झाला आणि सप्टेंबर २०२३ पासून तीन टप्प्यांत, म्हणजे आधी पहिली-चौथी-सातवी, मग दुसरी-पाचवी-आठवी, आणि २०२५ ला तिसरी-सहावी-नववी, असं करत सगळं शिक्षण लाटव्हियनमधून सुरू झालं.

शाळांचं केलं ते योग्यच केलं असं माझं मत आहे, उलट उशीर झाला. १९८९ च्या जनगणनेत इथल्या रशियनांपैकी पाचातल्या एकालाच लाटव्हियन येत होती. दहा जण बसलेत आणि एकच रशियन आहे तरी सगळे रशियनवर यायचे, हे आजही ऑफिसातले पन्नाशीचे लोक सांगतात. स्वतःच्या देशात, स्वतःच्या राजधानीत.

पण म्हाताऱ्या माणसांचं जे चाललंय ते मला अजिबात पटत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजी आहेत, तरुणपणी रशियातल्या प्स्कोव्हहून इथे राजधानी रिगाला कारखान्यात नोकरीला आल्या, १९९० च्या दशकात कारखाना बसला, देश बदलला (सोव्हिएत संघ मोडून लाटव्हिया स्वतंत्र झाला, पण सोव्हिएत काळात बाहेरून आलेल्यांना आपोआप नागरिकत्व मिळालं नाही) आणि ह्यांच्या हातात 'नागरिक नसलेल्यांचा' पासपोर्ट आला. पुढे त्यांनी रशियाचं नागरिकत्व घेतलं कारण तिथलं पेन्शन बायकांना ५५ व्या वर्षी मिळायचं, तेव्हा असं खूप जणांनी केलं, त्यात राजकारण काही नव्हतं, पैसे हवे होते. आता इमिग्रेशन कायद्यातल्या २०२२ च्या बदलानंतर ७५ च्या आतल्या अशा सगळ्यांना लाटव्हियनची ए-टू पातळीची (रोजच्या साध्या वापरापुरती) परीक्षा द्यावी लागते, नाहीतर इथे राहण्याचा कायमचा परवाना जातो. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तयारी करून घेतली. बोललेलं बरंच कळतं त्यांना, पण वहीत लाटव्हियन शब्द रशियन लिपीत लिहून ठेवलेले, आणि लॅटिन अक्षरात दोन ओळींचा निरोप लिहायचा म्हटलं की पेन तिथेच थांबतं. लेखनात नापास झाल्या. ह्यातून देश सुरक्षित कसा होतो ते कोणीतरी मला समजावून सांगा.

विक्रांत_प

सांगतो. १९४० ला सोव्हिएत सैन्य घुसलं. जून १९४१ मध्ये १५ हजारांच्या आसपास आणि मार्च १९४९ मध्ये ४२ हजार माणसं गुरांच्या वॅगनमध्ये भरून सैबेरियाला पाठवली, त्यात बायका, तान्ही पोरं, म्हातारे सगळे आले. आणि इकडे कारखान्यांसाठी बाहेरून लाखो लोक आणून बसवले. १९३५ ला तीन चतुर्थांश असलेले लाटव्हियन १९८९ ला ५२ टक्क्यांवर आले, रिगात तर ३६-३७ टक्के. अजून एक पिढी गेली असती तर ही भाषा फक्त लोकगीतांच्या कार्यक्रमात उरली असती.

आजींबद्दल मलाही वाईट वाटतं. पण ३० वर्षं मिळाली होती की हो. ए-टू म्हणजे काही साहित्य नाही, डॉक्टरला कुठे दुखतंय ते सांगणं, दुकानात भाव विचारणं एवढंच. आणि युक्रेनमधलं क्रिमिया असो की दोनबास, रशियाने दर वेळी रशियन भाषकांचं रक्षण हेच कारण पुढे केलंय. शेजारी असा असताना त्याचा पासपोर्ट बाळगणाऱ्याला 'बाबा रे, निदान इथली भाषा तरी दाखव' एवढं विचारणं ह्यात अन्याय कुठला?

सुनील_बेळगाव

भाषिक अल्पसंख्याक म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो आणि बाबा तो वाचून घ्यायला शेजारच्या पोराला हाक मारतात. त्यामुळे ऋजुताताई, आजींबद्दल तुमच्याशी सहमत, पण शाळांबद्दल बिलकुल नाही. राज्याची भाषा आलीच पाहिजे, मी कन्नड शिकलो, उत्तम बोलतो, पण मराठी शाळेत बसून शिकलो. दोन्ही होऊ शकतं.

आणि लाटव्हियाने स्वतःच हे करून दाखवलंय! १९१९ मध्ये, देश नवा कोरा, तिजोरी रिकामी, तरी त्यांनी कायदा करून जर्मन, रशियन, ज्यू, पोलिश मुलांना त्यांच्या भाषेतल्या शाळा सरकारी खर्चाने दिल्या. १९३४ ला पंतप्रधान उल्मानिसने लोकशाही गुंडाळली तेव्हा त्याला कात्री लागली. म्हणजे तिथे लोकशाही होती तेव्हा ह्या शाळा होत्या, ह्याचा विचार करा. २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांनीही ह्या नव्या कायद्यावर चिंता व्यक्त केली होती.

विक्रांत_प

त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने शाळांच्या प्रकरणात लाटव्हियाच्या बाजूने निकाल दिला, तेही लिहा की. (तो २०१८ च्या बदलांवरचा होता, पण मुद्दा हाच.) आणि बेळगावची तुलना चुकते. बेळगावातले मराठी लोक मूळचे तिथलेच, कोणी सैन्याच्या मागून येऊन बसलेले नाहीत.

सुनील_बेळगाव

सगळे रशियन सैन्याच्या मागूनच आले हे कोणी सांगितलं तुम्हाला? पूर्वेला लातगालेमध्ये जुन्या पंथाचे रशियन सतराव्या शतकापासून आहेत, चर्चमधल्या सुधारणा मान्य नव्हत्या म्हणून झारच्या राज्यातून पळून आलेले. १९३५ लाही देशात दहा टक्के रशियन होतेच. त्यांची नातवंडं-पतवंडं पहिल्या दिवसापासून नागरिक आहेत, त्यांचीही शाळा गेलीच ना. त्यांनी कोणाला सैबेरियाला पाठवलं?

मधुरा_मॅडम

शिक्षिका म्हणून लिहिते, इतिहासात पडत नाही. पहिलीपासून भाषा बदलली तर मुलं निभावून नेतात, ती पटकन उचलतात. पण जे पोर सहावीपर्यंत निम्मं रशियनमधून शिकलंय त्याला सातवीत भौतिकशास्त्र लाटव्हियनमधून, तेही जिची स्वतःची लाटव्हियन कच्ची आहे अशा बाईंकडून? दौगावपिल्ससारख्या गावात, जिथे रस्त्यावर, घरी, मैदानावर सगळीकडे रशियनच, तिथे भाषा येणार कुठून? आमच्याकडे इंग्लिश मीडियमच्या नावाखाली हेच बघतो, मूल धडा पाठ करून दाखवतं आणि एक प्रश्न उलटा विचारला की गप्प. जी मुलं मागे पडतील ती कायमची पडतील, आणि ती रागावलेली असतील.

ऋजुता_रिगा

मधुराताई, शिक्षकांचा तुटवडा आहे हे खरंच, ते सरकारलाही मान्य आहे. पण हे एका रात्रीत झालेलं नाही. २००४ पासूनच वरच्या वर्गांत ६० टक्के लाटव्हियन होती, त्यावर तेव्हा रिगात प्रचंड मोर्चे निघाले होते, आणि २०१८ च्या कायद्याने सातवी ते नववी ८० टक्के झाली. म्हणजे गाडी वीस वर्षं हळूहळूच चालली होती.

सुनीलदादा, १९१९ चा मुद्दा मोलाचा आहे, पण तेव्हा लाटव्हियन भाषा बहुसंख्यांची होती, तिला धोका नव्हता. मातृभाषेच्या शाळेत राहून राज्याची भाषा शिकता येते हे तुमच्या बाबतीत खरं ठरलं कारण कन्नडशिवाय तिथे चालत नाही. इथे पन्नास वर्षं लाटव्हियनशिवाय सगळं चालत होतं, आणि शाळा वेगळी म्हणजे मित्र वेगळे, टीव्ही वेगळा, दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास सुद्धा वेगळा. माझ्या टीममधली रशियन मुलगी तिच्या लेकीला स्वतःहून लाटव्हियन बालवाडीत घालते, ती म्हणते मला पंचविसाव्या वर्षी जे कष्ट पडले ते हिला नकोत.

निखिल_तालिन

एस्टोनियातून लिहितोय. शाळांवर सगळे भांडताय पण मुळातला घोळ नागरिकत्वाचा आहे. लिथुआनियाने सुरुवातीलाच देशात राहणाऱ्या सगळ्यांना नागरिक व्हायची मुभा दिली (तिथे रशियन ९ टक्केच होते, त्यामुळे सोपं गेलं हेही खरं). लाटव्हियात १९९५ ला ७ लाखांवर लोक 'नागरिक नसलेले' होते, आज २ लाखांच्या आत. पण परीक्षा देऊन नागरिक झाले ते दीड लाखाच्या आसपासच, बाकीचे बरेचसे वारले, देश सोडून गेले नाहीतर रशियन पासपोर्ट घेऊन मोकळे झाले. ह्याला कसलं सामावून घेणं म्हणायचं! अशांच्या पोटी जन्मलेल्या बाळांना आपोआप नागरिकत्व मिळायला २०२० साल उजाडावं लागलं.

एस्टोनियात अशा लोकांना निदान पालिकेला मत देता येत होतं, लाटव्हियात कधीच नाही. आणि आता २०२५ ला घटना दुरुस्त करून एस्टोनियानेही ते काढून घेतलं, रशिया-बेलारूसच्या नागरिकांचं लगेच, बिननागरिकांचं पुढच्या निवडणुकीपासून. मला हे फार लागलं.

विक्रांत_प

१९९८ पासून लाटव्हियात परीक्षेचं दार सगळ्या वयाच्या लोकांना उघडं आहे. भाषा, घटना, राष्ट्रगीत, थोडा इतिहास. जे आले नाहीत ते स्वतःच्या मर्जीने आले नाहीत. आणि २००८ पासून त्या 'नागरिक नसलेल्यांच्या' पासपोर्टवर रशियात व्हिसा लागत नव्हता, युरोपातही फिरता येत होतं, मग कोण कशाला अभ्यास करेल? २०१२ ला रशियनला दुसरी राज्यभाषा करायचं सार्वमत झालं, ७५ टक्के लोक नाही म्हणाले. जनतेने कौल दिलाय.

सुनील_बेळगाव

त्या सार्वमतात तेव्हाच्या ३ लाख बिननागरिकांना मतच नव्हतं, विक्रांत. ज्यांचा प्रश्न त्यांनाच रांगेबाहेर ठेवून घेतलेला कौल तो.

ऋजुता_रिगा

ते मतदार असते तरी उत्तर नाहीच आलं असतं, फरक तेवढा मोठा होता. पण विक्रांत, 'मर्जीने आले नाहीत' हे मला मान्य नाही. निम्मं आयुष्य इथे काढलेल्या माणसाला तू परकी आहेस, आता परीक्षा दे म्हटलं की ती अपमान म्हणूनच घेते. हट्टाने घरी बसलेले अनेक जण मला माहीत आहेत, आणि त्या हट्टाला रशियन टीव्हीने वर्षानुवर्षं खतपाणी घातलं.

माझी मागणी छोटी आहे. साठीच्या पुढच्यांना परीक्षेतून सोडा, किंवा फक्त तोंडी घ्या. सुरक्षेची शंका असेल त्या माणसाची स्वतंत्र चौकशी करा, त्यासाठी पोलीस आहेत, व्याकरण नाही. २०२५ च्या शरदात शेकडो जणांना देश सोडायच्या नोटिसा गेल्या, कागद वेळेत दिले नाहीत म्हणून. पन्नास वर्षं जिथे राहिलो तिथून ह्या वयात जायचं कुठे?

विक्रांत_प

फक्त तोंडी परीक्षा, साठीपुढे. एवढं मला चालेल. मत मात्र नाही, मत हवं तर नागरिक व्हा.

सुनील_बेळगाव

कर घेताना विचारता का नागरिक आहेस की नाही? रस्ता, पाणी, कचरा, त्यांच्याच पोरांची शाळा, ह्यावर पालिकेपुरतं मत द्यायला काय हरकत आहे, ते अजून कोणीच सांगितलेलं नाही.