जिमखान्यातला 'जिम' व्यायामाचा नाहीच!

फिरस्ता:
काल कोणीतरी ठामपणे सांगत होतं की इंग्रजीतला जिमखाना म्हणजे जिम अधिक खाना, विषय संपला. मला नाही पटत. यूल आणि बर्नेलचा १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन, म्हणजे हिंदुस्थानातल्या साहेबी इंग्रजीतल्या शब्दांचा कोश, काढून बघा, शब्द मुंबई इलाख्यात घडवलेला आणि मूळ 'गेंदखाना', म्हणजे साहेबांच्या रॅकेट कोर्टाला हिंदुस्तानीत जे म्हणायचे ते. स्पष्ट दिलंय.

चष्मिष:
स्पष्ट कसलं, त्यांनी गेंदखान्याला 'बहुतेक' लावलंय आणि तुम्ही तेवढंच गाळलंत! शिवाय त्याच नोंदीत सगळ्यात जुना उल्लेख उत्तरेतल्या रुरकीचा आहे, १८६१ चा. रुरकी कुठे, मुंबई कुठे. आणि स्पेलिंगमधला 'वाय' ग्रीक जिम्नॅशियमचाच ना, गेंदमध्ये तो कुठून येणार?

फिरस्ता:
अहो पण नुसतं 'जिम' हे छोटं रूप इंग्रजीत सापडतं १८७१ च्या आसपास, तेही अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांच्या बोलीत. मग दहा वर्षं आधी रुरकीच्या साहेबाला ते कोणी शिकवलं?

चष्मिष:
छोटं रूप कशाला लागतंय, जिम्नॅस्टिक्सचा पुढचा तुकडा तोडला आणि खाना चिकटवला, झालं.

डेक्कनवाली:
लहानपणी मी बाबांना विचारलं होतं जिमखान्यात खायला काय मिळतं 😄 नंतर कळलं की हा खाना फारसी, घर या अर्थाचा, दवाखाना कारखाना तोफखान्यातला. जिमच्या बाबतीत मी फिरस्तांच्या बाजूने. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, भारतातली पहिली टेस्ट १९३३ ला त्याच मैदानावर झाली, म्हणजे खेळ चेंडूचाच की, तिथे डंबेल्स कोण आठवतं?

चष्मिष:
आणि तुमचंच डेक्कन जिमखाना? १९१९ ला तिथल्या धावण्याच्या शर्यती बघूनच दोराबजी टाटांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला पोरं पाठवायचं मनावर घेतलं. त्यात कुठला चेंडू?

फिरस्ता:
डेक्कन जिमखाना १९०६ चं हो, तोवर नाव रुळलेलं होतं, तो पुरावा मूळ शब्दाला लागत नाही. पण ठीके, 'बहुतेक' मी खाल्लं हे मान्य. गेंदखान्यावर जिम्नॅस्टिक्सचं कलम झालं असं म्हणतो, 'वाय' त्या कलमाचा. खोड मात्र गेंदचंच.

चष्मिष:
कलम चालेल. खोडाचं बघू.

डेक्कनवाली:
तुम्ही भांडा, तिकडे इंग्लंडात आज जिमखाना म्हणजे पोरासोरांच्या तट्टूंवरच्या शर्यती. ना चेंडू ना व्यायाम, घाम काढतं ते तट्टू.