वाहिलेले बाइट मोजत जाणारा राउटरचा काउंटर शून्यावर आला की आलेखात खड्डा सोडावा, की शून्यापासून मोजावं?

रात्रपाळी: पहाटे लाइट गेली, राउटर रिस्टार्ट झाला आणि आलेखात ८८ मेगाबिटचा सुळका. आमची लाइन २० मेगाबिटची! आधीचं रीडिंग १०० कोटी बाइट, पाच मिनिटांनी २ कोटी. आरआरडीटूल (रीडिंग साठवून आलेख काढणारं साधन) यातल्या 'काउंटर' प्रकाराला वाटलं ३२ बिट भरून आकडा पुन्हा शून्यावर पलटला, त्याने ४,२९,४९,६७,२९६ मिळवून टाकले. माझं मत: आकडा घटला की ती नोंद 'अज्ञात'. 'डिराइव्ह' प्रकार लावा (तो पलटी न धरता नुसता फरक काढतो), किमान ०. खड्डा परवडला, खोटा आकडा नको.

तारवाला: रिस्टार्टनंतरचे २ कोटी बाइट खरेच वाहिलेत, ते का फेकायचे? प्रोमिथियसमध्ये (हेही देखरेखीचंच साधन) आकडा घटला म्हणजे रिसेट, पुढचं शून्यापासून धरायचं. बुडतं ते फक्त शेवटचं रीडिंग ते रिस्टार्ट एवढंच. शिवाय तिथे कच्चा काउंटर साठतो, चूक झाली तर पुन्हा हिशेब करता येतो. आरआरडीत दर साठला की मूळ रीडिंग गेलं.

रात्रपाळी: 'फक्त'? एखादी प्रोसेस दिवसात दहा वेळा पडली तर दहा वेळा निमूट गळती, आणि आलेख मात्र गुळगुळीत. विजेचं मीटर बदलताना जुन्याचं शेवटचं रीडिंग लिहून घेतात. इथे कोण घेतंय?

जुना_खिळा: खरी पलटी दोघांच्याही हिशेबात नाही. १०० मेगाबिटची लाइन भरून वाहिली तर ३२ बिटचा काउंटर पावणेसहा मिनिटांत पलटतो. एकाची नोंद अज्ञात, दुसऱ्याची कमी, दोन्ही चूक. १ गिगाबिटला ३४ सेकंदच लागतात, तिथे पाच मिनिटांच्या रीडिंगला काय अर्थ? आधी ६४ बिटचे काउंटर वाचा, मग भांडा. सोबत अपटाइम, म्हणजे यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला ते, नोंदवा: तोही घटला तर रिसेट, नाहीतर पलटी. (अपटाइमसुद्धा ४९७ दिवसांनी पलटतो. आमच्याकडे एक स्विच तिथवर पोचलाय.)

तारवाला: नुसतं कार्ड बदललं तर काउंटर शून्यावर येतो पण डब्याचा अपटाइम तसाच राहतो, हेही बघा. आणि प्रोमिथियसवाल्यांनो, आधी सगळ्या सर्व्हरच्या काउंटरची बेरीज आणि मग रेट (दर सेकंदाची वाढ काढणारं फंक्शन) असं करू नका. पाचातला एक सर्व्हर पडला की बेरीज घटते, रेटला तो सगळ्यांचा रिसेट वाटतो आणि पुन्हा सुळकाच.

रात्रपाळी: ६४ बिट आमच्या जुन्या राउटरात नाहीत. २० मेगाबिटला पलटायला २८ मिनिटं लागतात, म्हणून अपटाइम सोबत घेतो. पण रिसेट दिसला की मी खड्डाच ठेवणार. पहाटे फोन मला येतो.