इंग्रजी वाक्यात 'बट' आहे, तरी ते कंपाउंड (दोन स्वतंत्र वाक्यं जोडून झालेलं) नाही?

प्रश्न: 'ही रॅन फास्ट बट मिस्ड द बस' हे सिंपल (एकच कर्ता-क्रियापदाची जोडी असलेलं) कसं?

उत्तर १: जोडशब्द नंतर बघा. आधी काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करा, मग प्रत्येकाचा कर्ता शोधा. 'रॅन' आणि 'मिस्ड' ही 2 क्रियापदं, पण कर्ता एकच, 'ही'. म्हणून सिंपल. 'बट ही मिस्ड' लिहिलंत की कंपाउंड. 'टू गो', 'गोइंग' अशी रूपं काळ दाखवत नाहीत, म्हणून मोजायची नाहीत. मुलं हमखास इथेच चुकतात.

उत्तर २: बरोबर, पण काही व्याकरणं गाळलेला कर्ता गृहीत धरून हेच वाक्य कंपाउंड मानतात. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाचीच रीत पाळा.

उत्तर ३: 'बिफोर'ही नीट पाहा. 'वी लेफ्ट बिफोर सनराइज' सिंपल. 'वी लेफ्ट बिफोर द सन रोज' कॉम्प्लेक्स (मुख्य वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेलं उपवाक्य), कारण 'रोज' (उगवला) या क्रियापदाला स्वतःचा कर्ता आहे, 'द सन'.