मदत हवी आहे: प्लाझ्मा ५ वरून ६ वर जायचंय, आधी विजेट की आधी मशीन?

रविवारचा_हमाल

मंडळी नमस्कार. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात ११ कॉम्प्युटर आहेत, सगळे कुणी ना कुणी दिलेले, बहुतेकांत ४ जीबी रॅम. सगळ्यांवर डेबियन १२ (लिनक्स), त्यावर केडीईवाल्यांचा प्लाझ्मा ५.२७ हा डेस्कटॉप, आणि स्क्रीनवर चित्र दाखवायची जुनी पद्धत म्हणजे एक्स११ सेशन. दर रविवारी जाऊन मी ते बघतो, पगार म्हणजे दोन कप चहा. दुसरं म्हणजे पॅनेलवर तिथी दाखवणारं माझं एक छोटं विजेट आहे. मूळ आईसाठी केलेलं, तिला संकष्टी आधीच कळावी म्हणून, आता वाचनालयात पेपर वाचायला येणारे आजोबा लोक पेपर उघडायच्या आधी स्क्रीनकडे बघतात आणि तिथी चुकली तर मला फोन येतो.

आता डेबियन १३ वर न्यायचं म्हणतोय, त्यात प्लाझ्मा ६.३ आहे. एक मशीन ट्रायलला घेतलं आणि तीन ठिकाणी अडकलो.

पहिलं, विजेट गेलं. त्याच्या जागी पाटी की हे जुन्या प्लाझ्मासाठी लिहिलेलं आहे, चालणार नाही. हे होणार माहीत होतं, तरी बघून वाईट वाटलं.

दुसरं, मराठी टायपिंग. एफसीआयटीएक्स ५ (टायपिंगची भाषा बदलणारा प्रोग्राम) मध्ये गमभन आणि इनस्क्रिप्ट दोन्ही लावलेत, वेलँडवर (एक्स११ च्या जागी आलेली नवी पद्धत) लिबरऑफिसात मराठी येतं पण क्रोमियममध्ये इंग्रजीच उमटतं, आणि पोरं तर अर्ज भरायलाच येतात ना, म्हणजे ब्राउझरमध्येच.

तिसरं तुम्ही हसाल. त्या मशीनवर बसलेल्या काकू म्हणाल्या फाईल उघडतच नाही, बिघडलंय. बिघडलं काही नव्हतं, सहामध्ये मुळातच डबल क्लिक झालंय आणि आमच्याकडे सगळ्यांना एका क्लिकची सवय. मी ते सेटिंग कधी हातानं केलेलंच नव्हतं, जे होतं ते डिफॉल्ट होतं, त्यामुळे अपग्रेडमध्ये गुपचूप बदललं.

आता खरा प्रश्न. या निमित्तानं विजेटचं २.० करावं असं डोक्यात आलं. बसलो यादी करायला, तर चंद्रोदयाची वेळ गावानुसार, सणांची आठवण, रंग बदलायची सोय, इंग्रजी भाषांतर, बघता बघता पान भरलं. मग घाबरलो, कारण हे असं कुठं जातं ते मी डोळ्यानं बघितलंय. २००८ च्या जानेवारीत केडीई ४.० आलं तेव्हा मी हॉस्टेलवर होतो, हौसेनं टाकलं तर पॅनेलची उंचीसुद्धा माऊसनं बदलता येईना. खालचं क्यूटी (ज्यावर केडीई बांधलंय तो कोडचा संच) नवं, डेस्कटॉपची अख्खी कल्पना नवी, सगळं एका दमात. करणारे म्हणत होते हा फक्त पाया आहे, पण आकडा ४.० लावला की लोक वापरणारच आणि डिस्ट्रो (डेबियनसारखे लिनक्स वाटणारे) देणारच. मी परत ३.५ वर गेलो, काहींनी तर ३.५ चंच पुढं ट्रिनिटी नावाचं डेस्कटॉप केलं. तिकडं २०११ ला जीनोम ३ या दुसऱ्या डेस्कटॉपची हीच गत, त्यातून माटे निघालं आणि सिनॅमन निघालं.

प्लाझ्मा ६ ला मात्र तसं झालं नाही, आणि ते का झालं नाही हे मला जेवढं समजलंय ते असं. फ्रेमवर्क्स ६ (प्लाझ्माखालचा केडीईचा कोड) ची बैठक बर्लिनला २०१९ च्या नोव्हेंबरात झाली, तेव्हा क्यूटी ६ यायलाच वर्ष होतं. मग काय केलं, तर जे कोड पुढं काढून टाकायचंय त्याला ५ मध्येच 'जुनं' असा शिक्का मारत गेले, लोकांनी आपापलं कोड आधीच हलवलं. ५.२७ फेब्रुवारी २०२३ ला दिलं आणि सांगून टाकलं की पाचातलं हे शेवटचं, आता यात फक्त दुरुस्त्या. मग एक वर्ष नवीन प्लाझ्मा नाहीच. नोव्हेंबर २०२३ ला अल्फा, मग दोन बीटा, दोन आरसी (शेवटच्या चाचणी आवृत्त्या), आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला प्लाझ्मा, फ्रेमवर्क्स आणि अ‍ॅप्स सगळं एका दिवशी. आणि दिसायला? तरंगतं पॅनेल, वेलँड डिफॉल्ट, तो जुना क्यूब (डेस्कटॉप ठोकळ्यासारखे फिरवायचा) परत, बाकी घर तेच. फरशी बदलली पण कपाटं जागची हलवली नाहीत. जे राहिलं त्याला जूनमध्ये ६.१ होतंच.

तर प्रश्न असे:

१. विजेटचं २.० म्हणजे फक्त पोर्टिंग (आहे तेच सहावर चालतं करणं), एकही नवीन गोष्ट नाही, असं केलं तर चालेल ना? की लोक म्हणतील २.० कशाला म्हणतोस?
२. पाच आणि सहा दोन्हींवर चालेल असं एकच पॅकेज करता येतं का?
३. टायपिंग जमेपर्यंत एक्स११ वरच राहू का? ६.८ पासून केडीई एक्स११ सेशन काढणार असं जाहीर झालंय, म्हणजे कधीतरी हलायचंच आहे.

मे महिन्यात वाचनालय आठ दिवस बंद असतं, तेवढीच फट आहे.

---

उंबरठा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही करता येत. सहामध्ये सगळ्यात बाहेरचा आयटम प्लाझ्मॉइड-आयटमच लागतो आणि तो पाचमध्ये नाही. दोन ब्रँच ठेव, पाचवाली गोठव. मेटाडेटा डॉट डेस्कटॉप (विजेटच्या माहितीची फाईल) फेकून जेसन कर, त्यात एक्स-प्लाझ्मा-एपीआय-मिनिमम-व्हर्जन ६.० लिही नाहीतर तीच पाटी परत दिसेल. इम्पोर्टच्या पुढचे आकडे काढ. युनिट्स (मापं) आता किरिगामी या केडीईच्याच दुसऱ्या संचात गेलेत.

तिथी कशी काढतोस? डेटासोर्समधून पायथन स्क्रिप्ट चालवत असशील तर ते प्लाझ्मा५सपोर्ट मध्ये अजून आहे, पण नावातच ५ आहे बघ, म्हणजे कुबडी आहे, कायमची धरू नको.

---

रविवारचा_हमाल

अगदी तेच करतो, दर मिनिटाला स्क्रिप्ट 😅

---

उंबरठा

अरे दर मिनिटाला कशाला, दिवसाची तिथी सूर्योदयाला असते तीच धरतात ना. दिवसातून एकदा काढ. ४ जीबीच्या मशीनवर बिचाऱ्या प्रोसेसरचे हाल.

---

फुकटफौजदार

माझं मत विचारलं नाहीये तरी देतो. ४ जीबीवर प्लाझ्मा कशाला, एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) टाका आणि झोपा. ४.२० आलंय डिसेंबर २०२४ ला, वेलँड त्यात अजून प्रयोग म्हणूनच आहे, म्हणजे एक्स११ वर निवांत.

---

रविवारचा_हमाल

फौजदार, मुद्दा बरोबर आहे पण सगळ्या आजोबांना नवीन मेनू शिकवायला तुम्ही येणार का? चहा देतो.

---

कट्टेकरी

टायपिंगचं सांगते, आमच्याकडे हेच झालेलं. एक्स११ च्या काळात आपण सगळ्यांनी जीटीके-आयएम-मॉड्यूल आणि क्यूटी-आयएम-मॉड्यूल असे दोन व्हेरिएबल कुठंतरी लिहून ठेवलेले असतात, ते प्लाझ्माच्या वेलँडवर काढून टाका, एक्स-मॉडिफायर्स तेवढं राहू द्या जुन्या अ‍ॅप्ससाठी. मग सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या भागात 'व्हर्च्युअल कीबोर्ड' आहे, तिथं एफसीआयटीएक्स ५ निवडा. नाव वाचून कुणाला वाटणारच नाही की मराठी टायपिंगचं बटण इथं असेल, मला शोधायला दोन संध्याकाळी लागल्या. त्याला सुरू करायचं काम आता क्विन (प्लाझ्माच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) करतं, ऑटोस्टार्टमध्ये वेगळं ठेवू नका. क्रोमियम वेलँडवर चालवा आणि त्याला एनेबल-वेलँड-आयएमई हा फ्लॅग द्या. आणि लॉगआउट करून परत या, नाहीतर जुनेच व्हेरिएबल चालू राहतात.

क्लिकसाठी ११ मशीनवर हिंडू नका. इटीसीच्या आत एक्सडीजी फोल्डर, त्यात केडीईग्लोबल्स फाईल, त्यात केडीई विभागाखाली सिंगलक्लिक ट्रू. सगळ्या युजरना लागू.

आणि पहिल्या प्रश्नाचं: तिथी बरोबर दिसली तर आजोबा आकडा विचारणार नाहीत. चंद्रोदय २.१ ला ठेवा.

---

रविवारचा_हमाल

ताई, शंभर नमस्कार. काल रविवार होता, सगळं तसंच केलं. व्हेरिएबल एका फाईलमधून काढले तरी होईना, मग कळलं २०२१ मध्ये मीच दुसऱ्या एका फाईलमध्येही लिहून ठेवलेत. ते काढल्यावर क्रोमियममध्ये 'ज्ञ' उमटला. एका पोराला बसवून अख्खा अर्ज भरून घेतला, नाव पत्ता सगळं मराठीत, कुठं अडलं नाही.

विजेटचं मुख्य पान सहावर उघडतंय, सेटिंगचं पान अजून कोरं दिसतंय, ते उद्या बघतो. यादीचं पान फाडलं नाही, २.१ असं वर लिहून ड्रॉवरमध्ये टाकलं. आईला सांगितलं चंद्रोदय पुढच्या वेळी, ती म्हणाली मग तोवर कालनिर्णय बघते.

मे मध्ये आधी ३ मशीन करतो, बाकीची ८ पंधरा दिवसांनी. एकच शंका राहिली, ६.३ वर विजेट टेस्ट करायला प्लाझ्मॉइडव्ह्यूअर (विजेट वेगळ्या खिडकीत दाखवणारा प्रोग्राम) पुरतो का खरं पॅनेलच लागतं? व्ह्यूअरमध्ये अक्षरं नीट दिसतात आणि पॅनेलवर 'चतुर्थी' ची वेलांटी वरून कापली जातेय.